फोडणी बंद करू नका, आधी पाटी पुढे सरकवा

पत्र जर्मनीतल्या स्टुटगार्टहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा महिन्यांपूर्वी तिथे गेल्या. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर आहे, चार वर्षांचा मुलगा कीटात म्हणजे बालवाडीत जातो आणि घरात पूर्ण शाकाहार आहे. गेल्या आठवड्यात दाराला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तिच्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या: जिन्यात मसाल्याचा वास येतो, पहाटे ठोकल्याचा आवाज येतो, आणि "पाटी" तीन आठवडे तुमच्याकडेच आहे. ताई लिहितात, "चिठ्ठी वाचून मी रडले. आता घरात फोडणीच बंद करायची का? तशीही चपाती चामड्यासारखी होते, डाळ शिजत नाही, दही लागत नाही. मुलाच्या डब्यात काय द्यावं कळत नाही. आई म्हणते तूप, पेढे, कढीपत्ता पाठवते. पाडव्याला बाल्कनीत गुढी उभारली तर आणखी एक चिठ्ठी येईल का?"

ताई, चिठ्ठीतल्या वासाच्या ओळीने तुम्ही हादरलात, पण त्या आजींना सगळ्यात जास्त लागलेली ओळ तिसरी असावी, पाटीची. तुम्ही लिहिलंय की दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवलेली होती आणि जाहिरात समजून तुम्ही ती कोपऱ्यात ठेवली. ती जाहिरात नव्हती. ती 'केअरवोखे'ची पाटी होती. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात जिना त्याचा. तुमच्याकडे ती तीन आठवडे अडकली म्हणजे तीन आठवडे जिना कुणीच पुसला नाही, किंवा त्या आजींनी निमूटपणे पुसला. ही चाल श्वाबेन प्रांताची, आणि स्टुटगार्ट म्हणजे तिचं माहेरघर. एबरहार्ड इम बार्ट या व्युर्टेमबर्गच्या काउंटने (सरदाराने) १४९२ मध्ये स्टुटगार्टसाठी केलेल्या नियमांतच प्रत्येकाने आपला कचरा आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा, असं सांगितलेलं आहे. शहराने ही सक्ती १९८८ मध्ये काढून टाकली, तरी भाडेकरारात आणि घराच्या नियमावलीत, म्हणजे 'हाउसऑर्डनुंग'मध्ये, ती अजून जागी आहे. आपल्याकडे शेजारणीने सडा घातला नाही तर आपण मनात नोंद करतो ना, तशीच ही नोंद. फक्त तिथे ती कागदावर येते.

तर पहिलं काम हे. करारासोबत मिळालेली हाउसऑर्डनुंग काढा आणि भाषांतर करून नीट वाचा. केअरवोखे दोन तऱ्हेची असते. 'लहान' म्हणजे आपल्या मजल्यावरची जागा आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. 'मोठी' म्हणजे इमारतीचं दार, समोरचा पदपथ, तळघराची वाट, कचऱ्याच्या पेट्यांची जागा, आणि हिवाळ्यात बहुधा बर्फ काढणंही. मोठीची पाटी वेगळी असते, कधी तळमजल्यावर नुसतं वेळापत्रक लावलेलं असतं. बर्फाचं काम तुमच्याकडे आलं तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास वाट मोकळी असावी लागते. कुणी घसरून पडलं तर जबाबदारीचा प्रश्न येतो, म्हणून त्यात हयगय नको.

जिना कसा करायचा तेही सांगते, कारण आपली पद्धत इथे उलटी पडते. आपण बादली ओततो आणि खराट्याने पाणी खाली लोटतो. तिथे तसं करू नका. जुन्या इमारतीत पायऱ्या लाकडी असतात, पाणी फटीत जातं, लाकूड फुगतं आणि थेंब खालच्या मजल्यावर गळतात. आधी वरून खाली कोरडं झाडा, कोपऱ्यांत हातझाडणी फिरवा. कठडा आणि जिन्याच्या खिडकीची कड ओल्या फडक्याने पुसा. मग पाच लिटर कोमट पाण्यात झाकणभर फरशी-साबण घालून, पोछा घट्ट पिळून, एकेक पायरी पुसत खाली या. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांचं काम. ते शनिवारी दिवसाउजेडी करा. रविवारी नको, आणि रात्री दहानंतर तर नकोच. जाणारा-येणारा तुम्हाला पुसताना पाहतो आणि 'ग्र्यूस गॉट' म्हणजे नमस्कार म्हणतो, तेव्हाच निम्मी ओळख होते. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला अडकवायची. पुढचं दार कुठलं हे यादीत असतं. यादी नसेल तर आजींनाच विचारा, त्यांना ते विचारलेलं आवडेल.

आणि त्यांच्याकडे जाच. इथे एक गोष्ट आपल्या चालीच्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण चहाचं विचारायला येते. जर्मनीत नव्याने आलेल्याने स्वतः दारोदार जाऊन नाव सांगायचं असतं. सहा महिने कुणी आलं नाही म्हणून तुम्हाला ते कोरडे वाटले, आणि तुम्ही गेला नाहीत म्हणून तुम्ही त्यांना तुटक वाटलात. अजून उशीर झालेला नाही. कामाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा किंवा दुपारी तीन ते सहा या वेळात बेल वाजवा. एक ते तीन ही पुष्कळ घरांत विश्रांतीची वेळ, ती टाळा. वाक्यं एवढीच पुरेत: "डांके फ्यूर ईरन त्सेटेल. वीर झिंट नॉय हीअर. एस टूट मीअर लाइट." म्हणजे चिठ्ठीबद्दल आभार, आम्ही इथे नवे आहोत, माफ करा. मग पाटीचं आता समजलं आहे, हे सांगा. आजींना 'झी' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'डू'वर यायचं आमंत्रण वयाने मोठ्या माणसाकडून येतं, आपण ते सुरू करत नाही. सोबत काही न्यायचं असेल तर बेसनाचे पाच-सहा लाडू न्या. त्यात गहू नसतो आणि वासही सौम्य असतो. वर काजू-बदाम लावू नका, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी असणारी माणसं तिथे भेटतात. आत काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या, ते तिथे अगत्याचं समजतात.

जर्मन माणसाने चिठ्ठी लावली म्हणजे संबंध तोडले, असं समजू नका. ही गोष्ट तुमच्याने सुधारेल असं त्याला वाटतं, म्हणून तो लिहितो. मात्र चिठ्ठीत तुमच्या देशावरून किंवा रंगावरून काही लिहिलेलं असेल तर ती वेगळी गोष्ट. ती जपून ठेवा, घरमालकाला दाखवा आणि भाडेकरू संघाचा म्हणजे 'मीटरफेराइन'चा सल्ला घ्या. तुमच्या चिठ्ठीत तसं काही नाही. रोजच्या स्वयंपाकाचा वास हा तिथे राहत्या घराच्या नेहमीच्या वापरातच धरला जातो. फोडणी बंद करा असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तक्रार जिन्यातल्या वासाची आहे, आणि जिन्यात वास जाऊ न देणं आपल्या हातात आहे.

तो तिथे जातो कसा, ते आधी पाहू. तुमच्याकडे गॅस नाही, काचेची सपाट शेगडी आहे. गॅसवर आच बंद केली की उष्णता लगेच थांबते. काचेखालचा तापलेला गोल बंद केल्यावरही कितीतरी वेळ गरम राहतो. मोहरी तडतडली, तुम्ही बटण फिरवलंत, आणि तेवढ्यात हिंग-मिरची करपली. जळालेल्या तेलाचे बारीक कण हवेत तरंगतात आणि कपड्यांत, पडद्यांत, जिन्याच्या भिंतींत मुरतात. नुसत्या जिऱ्याचा वास तासाभरात जातो. दोन दिवस राहतो तो या करपलेल्या तेलाचा. उपाय सोपा आहे: बटण बंद करून थांबायचं नाही, भांडंच उचलून बाजूच्या थंड गोलावर ठेवायचं. हिंग आणि तिखट भांडं उचलल्यावर घाला. फोडणीचं पळीवजा कढलं त्या शेगडीवर बसत नाही, आणि इंडक्शन असेल तर एवढं लहान बूड तिला कळतही नाही. १४ सेंटिमीटर बुडाचं जाड, झाकणाचं छोटं पातेलं फोडणीसाठी वेगळं ठेवा. मोहरी टाकली की झाकण.

दुसरं, शेगडीवरचा हवा ओढणारा पंखा. त्याच्यातून नळी भिंतीबाहेर जाते का ते पाहा. जात नसेल तर तो 'उमलुफ्ट' प्रकारचा आहे, म्हणजे तीच हवा गाळून परत घरात सोडतो. त्यात दोन गाळण्या असतात. धातूची जाळी तेल धरते. ती दर दोन-तीन आठवड्यांनी कढत पाण्यात सोडा घालून धुवा. आतली कोळशाची गाळणी वास धरते, आणि रोज फोडणी असेल तर ती तीन-चार महिन्यांत निकामी होते. भाड्याच्या घरात ती आधीच्या भाडेकरूच्या वेळेपासून तशीच असते. बदला, मॉडेलचा नंबर पंख्याच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. पंखा फोडणीच्या पाच मिनिटं आधी लावा आणि नंतर पंधरा मिनिटं चालू ठेवा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वास घालवायला घराचं दार जिन्याकडे कधीही उघडायचं नाही. आपल्याकडे दार उघडून वारा खेळवतात. तिथे ते शेजाऱ्याच्या दारात कचरा लोटण्यासारखं वाटतं. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि त्याच खोलीची खिडकी सताड उघडा. वारा खिडकीतून आत येत असेल तर तो वास घराच्या दाराखालच्या फटीतून जिन्यात ढकलतो, म्हणून त्या फटीला गुंडाळलेला टॉवेल लावा. कोट आणि लोकरीचे स्कार्फ बाहेरच्या पॅसेजमध्ये टांगू नका, झोपायच्या खोलीत कपाटात ठेवा. बसमध्ये, कीटात आपल्यामागे येणारा वास तिथून आलेला असतो.

खिडक्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण थंडी म्हणून तुम्ही सगळं बंद ठेवता असं लिहिलं आहे. डाळ-भाताची वाफ, घरात वाळणारे कपडे आणि श्वास यांची ओल भिंतीच्या थंड कोपऱ्यात बसते आणि काळी बुरशी धरते. ती धरली की घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतो. दिवसातून तीनदा, पाच ते दहा मिनिटं, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, तेवढ्यापुरता हीटर बंद. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. खिडकी दिवसभर तिरकी ठेवणं मात्र चुकीचं. त्याने हवा फारशी बदलत नाही, भिंत गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते. आर्द्रता मोजायचं साधं यंत्र घेऊन ठेवा, काटा ४० ते ६० टक्क्यांत राहिला की ठीक.

वेळेचंही लक्षात घ्या. तिथे पुष्कळ घरांत संध्याकाळचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी असं थंड, आणि तेही साडेसहा-सातला. रात्री नऊला जिन्यात लसणीचा वास आला की झोपायच्या वेळी हे काय, असं वाटतं. तोच वास साडेपाचला आला तर कुणी मान वर करत नाही. भाज्यांच्या फोडण्या संध्याकाळी सातच्या आत उरका, नऊला फक्त गरम करा.

आता पहाटेची ठोकाठोक. नवरा साडेसहाला निघतो म्हणून तुम्ही साडेपाचला पोळपाट मांडता. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ, 'नाख्टरूहे', आणि तुमचा पोळपाट बरोबर तिच्यात येतो. लाटण्याचा आवाज आपल्याला कळत नाही, पण ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून खालच्या छतात तो जसाच्या तसा उतरतो. भाकरी थापणं आणि खलबत्ता यांचंही तेच. चपात्या आदल्या संध्याकाळी लाटून, दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद भाजून, पूर्ण गार करून, मध्ये कागद घालून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तापल्या तव्यावर मिनिटभरात पूर्ण भाजून होतात. दिवसा लाटताना पोळपाटाखाली ओलं, चौपदरी फडकं, आणि मिक्सरखाली रबरी चटई. मिक्सर रविवारी आणि सणाच्या सुटीला टाळाच, इडलीचं पीठ शनिवारी दुपारी वाटा. भारतातून नेलेल्या मिक्सरला वीजदाब बदलणारं यंत्र लागत नाही, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. फक्त अर्थिंग असलेलं चांगलं ॲडॉप्टर घ्या, प्रवासातलं हलकं नको, ते तापतं. कुकरची शिट्टी दिवसा चालेल, तरी पहिल्या भेटीत आजींना तो आवाज कसला ते सांगून ठेवा. ओळखीच्या आवाजाचा त्रास कमी होतो.

चपातीकडे येऊ. दोष तुमच्या हाताचा नाही, पिठाचा आहे. तिथे पिठाच्या पुड्यावर 'टाइप' म्हणून आकडा असतो. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. जितका कोंडा जास्त तितकी राख जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा. त्याची चपाती गरम असताना बरी लागते आणि गार झाली की चामडं, तुमच्याकडे हेच होत असावं. 'फोलकोर्न' म्हणजे सबंध गव्हाचं, त्यावर आकडा नसतो. ते आपल्या पिठासारखंच असेल असं वाटतं, पण नसतं. आपलं पीठ जात्यावर किंवा चक्कीवर दाबून दळलेलं असतं, त्यातल्या पिष्टाचे कण तुटतात आणि खूप पाणी पितात, म्हणून कणीक मऊ राहते. तिकडचं रोलरवर दळलेलं पीठ कमी पाणी पितं आणि कोंडा जाडसर राहतो, तो लाटताना कणकेला चिरतो. दोन्ही मिसळा. १०५० टाइपचं 'वाइट्सनमेल' २०० ग्रॅम, बारीक दळलेलं 'वाइट्सन-फोलकोर्न' १०० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल, आणि १८० ते १९५ मिलिलिटर चांगलं कोमट पाणी. मळताना हाताला चिकटेल. वरून पीठ लावायचा मोह आवरा, कारण कोंडा पाणी सावकाश शोषतो. ओलं फडकं झाकून चाळीस मिनिटं ठेवा आणि मग पुन्हा दोन मिनिटं मळा. साधारण बारा चपात्या होतात. पुड्यावर 'रॉगन' लिहिलं असेल तर घेऊ नका. ती राय आहे, तिला लवचिकपणाच नाही, चिखलासारखी हाताला लागते. 'डिंकेल' म्हणजे गव्हाचाच एक जुना प्रकार, तो चालतो, पण ती चपाती गार झाल्यावर तुटते. भारतीय दुकानातला आटा मिळत असेल तर प्रश्नच नाही. फक्त पुड्यावरची तारीख पाहा, जुन्या आट्याला कडवट वास येतो.

तवा सपाट बुडाचा, जाड बिडाचा हवा. घरून नेलेला खोलगट तवा काचेला फक्त मध्यभागी टेकतो, म्हणून चपाती मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. काचेखालची आच आपोआप चालू-बंद होत राहते. पातळ तवा तिच्याबरोबर गार-गरम होतो, जाड तवा उष्णता धरून ठेवतो. नऊपर्यंत आकडे असतील तर पाचवर तीन मिनिटं, मग सात-आठवर दोन मिनिटं. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचला पाहिजे. चपाती सव्वा मिनिटात व्हायला हवी. कमी आचेवर रेंगाळली तर फुगायच्या आत वाळते. बिडाचा तवा काचेवर सरकवू नका, ओरखडे पडतात. आणि गुळाचा पाक किंवा साखरेचं काही काचेवर सांडलं तर गार व्हायची वाट पाहू नका, शेगडीच्या खरवडणीने हात सांभाळून लगेच खरवडा. साखर थंड होताना काचेचा टवका उडवते, आणि काच बदलायचा खर्च भाडेकरूवर येतो. उतरलेल्या चपात्या ताबडतोब फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. हीटरच्या कोरड्या हवेत उघड्या राहिल्या तर दहा मिनिटांत पापड होतात.

डाळ न शिजण्याचं कारण बहुतेक पाण्यात असतं. जड पाण्यातला चुना डाळीच्या सालाला आणि गराला घट्ट करतो. तिथे जडपणा जर्मन अंशात मोजतात: ८.४ पर्यंत मऊ, १४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जड. तुमच्या भागाचा आकडा पाणीपुरवठा कंपनीकडून कळतो. केटलच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर डाळ दोन तास भिजवा, शिजवायला उकळून निवळलेलं पाणी घ्या, आणि कपभर डाळीला चिमूटभर खायचा सोडा घाला, तिथे तो 'नाट्रोन' नावाने बेकिंगच्या मालात मिळतो. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ पूर्ण शिजल्यावरच. चहावर तवंग येतो तोही याच चुन्यामुळे, गाळणीच्या जगमधलं पाणी वापरलंत की जातो.

दह्याला विरजण म्हणून साधं 'नाटूरयोगुर्ट' ३.५ टक्क्यांचं घ्या. डब्यावर 'व्हेर्मेबेहांडेल्ट' असेल तर त्यातले जिवाणू मेलेले असतात, त्याने दही लागणार नाही. ताजं ३.५ टक्क्यांचं दूध एक लिटर, उकळून पाच मिनिटं मंद ठेवा, बोट दहा सेकंद ठेवता येईल इतकं निवू द्या, म्हणजे साधारण ४५ अंश. दोन मोठे चमचे विरजण लावा. ओव्हन ४० अंशांवर दहा मिनिटं तापवून बंद करा, आतला दिवा चालू ठेवा आणि भांडं झाकून सात-आठ तास हलवू नका. ओट्यावर ठेवलंत म्हणून लागत नव्हतं, रात्री हीटर उतरतो. सायीची वाट पाहू नका, तिथल्या बहुतेक दुधातले स्निग्ध कण साय धरू नये म्हणून बारीक केलेले असतात.

तुपासाठी आईंना त्रास देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवासाच्या सामानात दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही, म्हणून तूप, पेढे, खवा यातलं काहीही विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्या यांनाही प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन या पाचांना. मसाले, पापड, कोरडी लसणीची चटणी, आमसुलं आईंनी खुशाल पाठवावीत. तूप घरीच कढवा, पण लोणी 'झाउअररामबुटर' घ्या. ते आंबवलेल्या सायीचं असतं, म्हणजे आपल्या विरजलेल्या सायीच्या लोण्याचं भावंड, त्यामुळे तुपाला आपला ओळखीचा वास येतो. २५० ग्रॅमच्या पाकिटाचं सुमारे २०० ग्रॅम तूप होतं. तयार हवं तर 'बुटरश्माल्त्स'. इथे जपा: नुसतं 'श्माल्त्स' म्हणजे बहुधा डुकराची चरबी.

शाकाहाराचे सापळे असेच शब्दांत दडलेले असतात. श्वाबेनच्या ब्रेत्सेलमध्ये, म्हणजे गाठीच्या आकाराच्या पावात, काही बेकऱ्या श्माल्त्स घालतात, विचारून घ्या. तिथल्या बटाट्याच्या कोशिंबिरीत अंड्याचं मेयोनेज नसतं हे खरं, पण ती बहुधा मांसाच्या रश्श्यात, 'फ्लाइशब्र्युहे'त मुरवलेली असते. बटाट्याच्या काचऱ्यांत 'श्पेक' म्हणजे डुकराचं चरबीदार मांस, जेली गोळ्यांत आणि काही दह्यांत 'गेलाटीने' म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचं जिलेटीन, पुष्कळ कडक चीजमध्ये वासराच्या पोटातलं 'लाब' असतं. चीजवर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं असेल तर चालतं. "मी शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही, "ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्युहे" म्हणजे मांस, श्पेक, मांसाचा रस्सा यांशिवाय, असं मोजून सांगा. मसाल्यात 'क्युमेल' हे आपलं जिरं नव्हे, ते विलायती शहाजिरं. जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: मसूरजातीची डाळ हे श्वाबेनचंही रोजचं अन्न. शेवयांसारख्या अंड्याच्या 'श्पेट्सले'बरोबर, व्हिनेगरने आंबट केलेली आख्खी मसूर तिथे घरोघर होते. आजींशी बोलायला याहून चांगला विषय सापडणार नाही.

कीटाला लेखी कळवा: मांस, मासे, गेलाटीने नको, आणि अंडं चालतं की नाही. तोंडी सांगितलेलं पाळीबदलात हरवतं. सकाळच्या डब्याला तिथे 'फेस्पर' म्हणतात. गोड आणि शेंगदाणे-सुका मेवा यांना पुष्कळ ठिकाणी मनाई असते, म्हणून शेंगदाण्याची चटणी घरीच. थालीपिठाचे चार तुकडे मध्ये फ्रेशचीज लावून, तिखट-मिठाची पुरी, काकडी-गाजराच्या काड्या, उकडलेला मका, हे सारं हाताने खाता येतं आणि सांडत नाही.

बाहेर जेवायला बोलावलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे आग्रह नाही. तुम्ही भिडेने एकदा "नको" म्हणालात की ताट पुढे जातं आणि तुम्ही उपाशी राहता. आणि वाढताना नुसतं 'डांके' म्हटलं तर त्याचा अर्थ बऱ्याचदा "नको, आभार" असा घेतात. हवं असेल तर 'या, गेर्न' म्हणा. दुपारी तीन-चारला 'काफे'ला बोलावलं असेल तर केक मिळेल, जेवण नाही. दिलेली वेळ म्हणजे तीच वेळ.

रविवारी दुकानं बंद असतात, हे एव्हाना कळलंच असेल. ईस्टरला शुक्रवार आणि सोमवारही जोडून येतात, मध्ये फक्त शनिवार. दूध-भाजी गुरुवारीच भरा. एकदाच वापरायच्या बाटल्यांवर घेतलेले अनामतीचे २५ सेंट सोडू नका, दुकानातल्या यंत्रात परत मिळतात. काचेच्या रिकाम्या बरण्या मात्र रस्त्यावरच्या पेट्यांत रंगाप्रमाणे टाकायच्या, आणि रविवारी नाही, कारण त्यांचाही आवाज होतो.

गुढी उभारा. कठड्याच्या आतल्या बाजूला, वर आणि खाली अशी दोन ठिकाणी सुतळीने घट्ट बांधा. काठी रस्त्याच्या बाजूला झुकलेली नको. कलश हलका स्टीलचा घ्या आणि काठीला तारेने आवळा, मार्चमधला वारा जोरकस असतो आणि खाली पदपथ आहे. संध्याकाळी उतरवतोच, त्यामुळे कुणाची हरकत येऊ नये. नियमावलीत बाल्कनीबद्दल काही लिहिलं असेल तेवढं पाहून घ्या. श्रीखंडाला चक्का शोधू नका. डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेला (हा आकडा त्याच्या कोरड्या अंशातला) 'क्वार्क' ५०० ग्रॅम, मलमलीत बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर रात्रभर ठेवा. बिनफॅटचा 'मागरक्वार्क' घेऊ नका, तो रवाळ आणि आंबट लागतो. सकाळी उरेल त्यात २५० ग्रॅम पिठीसाखर, चाळणीतून एकदा घासून, दुधात भिजवलेलं केशर आणि अर्धा चमचा वेलची. वेलची तिथे नाताळच्या बिस्किटांतून ओळखीची आहे आणि क्वार्क तर त्यांच्या रोजच्या जेवणातला. एक वाटी खालच्या मजल्यावर द्या, दुपारी तीननंतर.